मिलानला निघालेली खुर्ची

हात मेले शिवशिवतातच! मधुमतीबाईंनी सकाळपासून स्वतःला शंभरदा शिव्या घातल्या होत्या. नवी वस्तू घराबाहेर पडण्याआधी तिला हळदकुंकू लावायचं, एवढंच तर केलं होतं. मोटारीला लावलं, डॉक्टर नवऱ्याच्या स्टेथोस्कोपलासुद्धा लावलं. कॉव्हेंट्रीत वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. पण आजची वस्तू होती त्यांच्या मंजिरीने सहा महिने खपून केलेली खुर्ची. पांढऱ्याशुभ्र फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची! मिलानच्या डिझाइन म्युझियममध्ये दर तीन वर्षांनी प्रदर्शन भरायचं. यंदा, ब्याण्णव साली, तिथे सबंध ब्रिटनमधून नवख्यांच्या चारच वस्तू निवडल्या होत्या आणि त्यांतली एक ही.

"आई, माझ्या खुर्चीला हात नको लावू हं," लेकीने बजावलं होतं.

लावला. मागच्या पायाशी, बोटाएवढा टिळा. मग वाटलं, फारच पिवळा दिसतोय, म्हणून वरून साबणाचं फडकं फिरवलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? जन्मभर पदर धुतले होते! पण घाबरलेल्या माणसाची अक्कल कुठे जागेवर असते. तळहाताएवढा लालभडक डाग पडला. त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि तोंडातून शब्द काढला नाही.

तीन वाजता म्युझियमने पाठवलेले मिस्टर हॅरिस आले. साठीचा माणूस, पण न सांगता दारात बूट काढले. त्यांच्याकडे एक फॉर्म होता. वस्तूवरचा एकूणएक डाग, ओरखडा त्यात लिहायचा. मिलानला खोका उघडला की तोच कागद हातात धरून तपासायचे.

"एकही डाग नाही, मी नीट बघितलंय," मंजिरी त्यांना इंग्रजीत म्हणाली, आणि स्वतःच भराभरा खुर्चीला कागद गुंडाळला. तिच्यावर विश्वास ठेवून त्यांनी फॉर्म पुढे केला. तिने सही केली.

मधुमतीबाई बघतच राहिल्या. पोरीने खोट्यावर सही केली, आणि तिला पत्तासुद्धा नाही! तिकडे खोका उघडतील, डाग बघतील, मग हिला कोण उभं करणार पुन्हा? खुर्ची लाकडी खोक्यात गेली, झाकणात एकेक स्क्रू आत जात होता आणि या नुसत्या पदर पिळत होत्या. सांगावं तर लेक जन्मभर तोंड बघणार नाही. खोका व्हॅनमध्ये चढला. दार बंद झालं. तेव्हा कुठे त्या सपाता फटफटवत रस्त्यावर धावल्या.

"थांबा! मंजू, थांबव त्यांना! मी हळदकुंकू लावलं गं तिला, डाग पडलाय!"

मंजिरी जागची हलली नाही. "मला माहीत आहे. मी सकाळीच पाहिला."

"मग सही कशी केलीस?"

"तू रडली असतीस." ती हळूच म्हणाली. "आता गप्प बस ना, आई. त्यांना मराठी नाही कळत. तिकडे वाटेल, रस्त्यात लागला."

"रस्त्यात म्हणजे? यांच्या हातून?"

मंजिरीने मान खाली घातली.

मिस्टर हॅरिस व्हॅनपाशी उभे होते. "एव्हरीथिंग ऑल राइट, मॅडम?"

मधुमतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. ती डोळ्यांनीच नको नको म्हणत होती. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी म्हणायची तशी. 

"देअर इज अ मार्क," त्या म्हणाल्या. "आय डिड इट."

मिस्टर हॅरिसनी व्हॅनचं दार पुन्हा उघडलं. त्यांनी खोका खाली घेतला आणि स्क्रूड्रायव्हर काढला. मंजिरीने तो त्यांच्या हातातून घेतला आणि एकेक स्क्रू स्वतःच काढायला लागली. आईकडे तिने पाहिलं नाही.