धुरकट पट्टीखालचं नाव

शाळेच्या मैदानावर एवढी गर्दी क्रीडादिनालाही होत नसे. शेडमध्ये कालवं सोलणाऱ्या बायका रबरी एप्रन न काढताच धावत आल्या होत्या. होड्या बांधून कोळी आले होते. टीव्हीवाल्यांच्या गाडीवर मोठा पडदा लावला होता, आणि मुख्याध्यापक स्वतः खुर्च्या मांडत होते. मधोमध नैवेद्याचं मेज होतं. त्यावर नासपती, तांदळाच्या वड्या, उकडलेलं डुकराचं मुंडकं आणि तांदळाने भरलेला पितळी वाडगा होता. त्या तांदळात एक फोन उभा खोचला होता.

फोन ग्यु-रिमचा होता. चौदा वर्षांची ग्यु-रिम मेजाजवळ उभी होती. आपल्याला भीती वाटायला हवी, एवढं तिला कळत होतं. पण वाटत काहीच नव्हतं. सगळे आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखे येत होते.

"बाहेर पड!" म्योवोलबाई ओरडल्या. म्योवोलबाई म्हणजे मुदांग, अंगात देव येणारी. त्यांच्या अंगावर पाच रंगांचा झगा होता आणि हातात घंटांचा घोस.

ग्यु-रिमने फोनवरच्या गप्पांच्या खोलीतून, म्हणजे वर्गाच्या चॅट ग्रुपमधून, बाहेर पडायचं बटण दाबलं आणि सांगितल्याप्रमाणे दूर जाऊन उभी राहिली. फोनला कुणाचाही हात लागत नव्हता. घंटा खणखणल्या. फोन थरथरला, तांदळाचे दाणे खाली सांडले. पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं, पोरगी पुन्हा खोलीत! वर एक धुरकट पट्टी आणि खाली धडाधड येणारे संदेश. 'आलीस का परत?' 'पळतेस कुठे?' 'मर ना एकदाची.'

"अगं बाई! आपोआप!" गर्दीतून कुणीतरी किंचाळलं.

"पाण्यातलं भूत आहे हे," म्योवोलबाई डोळे फिरवत म्हणाल्या. "बुडून मेलेला जीव. त्याला बदली माणूस हवा असतो, म्हणून तो ओढतो. फोनच्या पोटात मला बुडबुडे ऐकू येतात!"

"बाई, तो फोन पाण्यात पडला तरी बिघडत नाही म्हणतात," एक कोळी म्हणाला, आणि चारजण हसले.

"हसा! तुमच्या घरात ओढील तेव्हा हसा!" बाई ग्यु-रिमच्या आईकडे वळल्या. "खरं सांग. तुझ्या घराण्यात कुणीतरी बुडालंय."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "माझे चुलतसासरे. वादळात."

गर्दीने आ वासला. बंदराच्या गावात घरोघरी कुणी ना कुणी बुडालेलं असतंच, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

टीव्हीचे निर्माते ग्वाक अंगठा वर करून हसले. येत्या शनिवारी शाळेमागच्या तलावात फोनचं विसर्जन होणार होतं, तेही थेट प्रक्षेपणात. त्यानंतर पोरगी मोकळी. मुख्याध्यापक तर त्याआधीच मोकळे झाल्यासारखे दिसत होते. छळाची चौकशी करणारी समिती आता कशाला भरवायची? भुताला नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवणार?

हे सगळं सुरू झालं एका बातमीपासून. 'मुलांच्या फोनमधला छळ' या विषयावर ग्वाक यांची मंडळी शाळेत आली होती. ग्यु-रिम त्यांच्याशी बोलली. दाखवताना तिचा चेहरा त्यांनी धुरकट केला, आवाज बदकासारखा केला. पण पायांतल्या पिवळ्या सपाता तशाच ठेवल्या. वर्गात घालायच्या सपाता बाकी सगळ्यांच्या निळ्या होत्या, पिवळ्या तिच्या एकटीच्या. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग बदकासारखा बोलत होता. आणि गाव एकाच वाक्याची चर्चा करत होतं. बातमीत ती म्हणाली होती, "मी बाहेर पडले, की मला परत आत ओढते ती..." आणि पुढे नुसता 'टूं' असा आवाज.

जिचं नाव टीव्हीवरसुद्धा घेता येत नाही, अशी ती कोण? गावाला उत्तर सुचायला वेळ लागला नाही, आणि म्योवोलबाईंना गावात पोहोचायला त्याहूनही कमी लागला.

सोमवारी शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या प्यो सरांनी ग्यु-रिमला प्रयोगशाळेत बोलावलं. सर या वर्षी निवृत्त होणार होते. एकच गोष्ट चार वेळा समजावताना चौथ्यांदाही ते पहिल्यांदा सांगत असल्यासारखे दिसत. त्यांनी तिच्यापुढे जवाचा गरम चहा ठेवला.

"तुला कसं वाटतंय, असं नाही विचारणार मी," ते म्हणाले. "ते सगळ्यांनी विचारून झालंय. मला दुसरंच विचारायचंय. त्या 'टूं'च्या जागी तू काय म्हणाली होतीस?"

ग्यु-रिम कपाकडे पाहत राहिली. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"सो-दाम," ती म्हणाली. "आमच्याच वर्गातली."

"मग हे आईला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. आई म्हणाली, सो-दाम? तिच्या घरून तर आपल्याकडे किमची येते." ग्यु-रिम दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तशी सांगत होती. "टीव्हीवाल्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, लहान मुलांची नावं दाखवता येत नाहीत. तू फक्त तुला काय वाटतं ते सांग. रडू आलं तर रड, चालेल."

"रडलीस?"

"नाही आलं."

"बरं." सरांनी खुर्ची पुढे ओढली. "आता विज्ञानाचा प्रश्न. हे भूत येतं कधी? सकाळी, तासाला?"

"नाही. शाळा सुटल्यावर."

"आणि सकाळी आपण काय करतो?"

ग्यु-रिमने मान वर केली. रोज सकाळी वर्गशिक्षक सगळ्यांचे फोन गोळा करत. कप्पेवाल्या काळ्या पिशवीत ते बंद होत आणि शाळा सुटली की परत मिळत.

"म्हणजे पाण्यातलं भूतसुद्धा आमच्या पिशवीत जाऊन बसतं," सर म्हणाले. "मोठं शिस्तीचं आहे हो!"

ग्यु-रिमला हसू आलं नाही. पण गेल्या कित्येक दिवसांत कुणाचं बोलणं तिला पहिल्यांदाच जवळून ऐकू आलं.

"शनिवारी तो फोन तलावात गेला, तर समितीपुढे काय दाखवशील?"

"काही नाही."

"बुडू द्यायचा?"

तिने कप उचलून चहाचा एक घोट घेतला. सरांनी घाई केली नाही.

"नको," ती शेवटी म्हणाली.

शनिवारी तलावाकाठी दुप्पट गर्दी होती. म्योवोलबाई उड्या मारत होत्या, ढोल घुमत होता. ग्वाक कॅमेऱ्याकडे बोट नाचवत होते. सो-दाम आणि तिच्या दोन मैत्रिणी पहिल्या रांगेत होत्या. 'काळजीत पडलेल्या मैत्रिणी' म्हणून बातमीत त्यांचीही मुलाखत झाली होती, अर्थात बदकाच्याच आवाजात.

बाईंनी फोन उचलला, तेवढ्यात प्यो सर पुढे आले. त्यांच्या हातात ती काळी पिशवी होती.

"बाई, बुडवण्याआधी भूत एकदा पाहू तरी द्या. मी मागच्या वेळी नव्हतो."

"सर, आपण थेट प्रक्षेपणात आहोत!" ग्वाक दबक्या आवाजात म्हणाले.

"उत्तमच. मुलांनो, आज शनिवार आहे, पण सवय मोडायची नाही. फोन पिशवीत टाका."

मुलं सवयीने रांगेत आली. सो-दाम जागची हलली नाही. मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिनेही फोन टाकला. सरांनी पिशवीची चेन ओढली.

"ग्यु-रिम, बाहेर पड."

तिने बटण दाबलं, फोन वाडग्यातल्या तांदळात ठेवला आणि दूर झाली. घंटा खणखणल्या. ढोल वाजला. सगळ्या देशाने टीव्हीवर एक फोन तांदळात गुपचूप उभा असलेला पाहिला. वाजवता वाजवता ढोलवाल्याचे हात दुखले.

"काहीच होत नाहीये," एक कालववाली म्हणाली.

म्योवोलबाई घाम पुसत ओरडल्या, "पाहिलंत? माझ्या घंटांना घाबरून पळालं!"

"मागच्या वेळी याच घंटांनी आलं होतं ना?" सरांनी अगदी नम्रपणे विचारलं. "बरं, आता एक करू. माझं आणि पाण्याचं वाकडं नाही, आमच्या घराण्यात कुणी बुडालेलं नाही, आम्ही डोंगरातले. भूत मला ओढणार नाही. ग्यु-रिम, तू ओढ मला."

ग्यु-रिमने फोन हातात घेतला. एक नवी खोली उघडली, सरांचं नाव निवडलं, बोटाने दाबलं. सरांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो उंच धरला. ते खोलीतून बाहेर पडले. तिने पुन्हा बोट टेकवलं. हातातला फोन पुन्हा थरथरला. सर पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

"एवढंच?" मागच्या वेळचा तो कोळी म्हणाला.

"एवढंच. आत असलेला कुणीही बाहेरच्याला आत घेऊ शकतो, त्याला न विचारता. मुलांनो, हे कुणाकुणाला येतं?"

तलावाच्या काठभर हात वर झाले. सगळेच.

"मग बोलला का नाहीत रे?"

"कुणी विचारलंच नाही, सर," मागून आवाज आला. "टीव्हीवाल्यांनी विचारलं, भूत पाहिलंत का. आम्ही म्हटलं, नाही."

सर टीव्हीच्या गाडीवरच्या पडद्याकडे वळले. "आत ओढलं, की खोलीत पहिलीच ओळ येते, कुणी कुणाला आत घेतलं त्याची. टीव्हीवर बरोबर तिथेच धुरकट पट्टी होती. ग्वाकसाहेब, त्या पट्टीखाली काय होतं?"

"लहान मुलांची नावं दाखवणं नियमात बसत नाही," ग्वाक म्हणाले.

"दाखवू नका. मीही सांगणार नाही, ते समितीपुढे होईल. फक्त एवढंच सांगा, पट्टीखाली भुताचं नाव होतं की माणसाचं?"

ग्वाक कॅमेऱ्याकडे बघायचं टाळू लागले. म्योवोलबाई झगा आवरू लागल्या. माइक धरून उभी असलेली तरुण वार्ताहर ग्यु-रिमच्या पिवळ्या सपातांकडे पाहत होती. मग तिने माइक तोंडाशी नेला.

"माणसाचं," ती म्हणाली.

सो-दाम रडायला लागली. गर्दी तिच्याकडे सरकू लागली, तसे सर मध्ये जाऊन उभे राहिले. "नाही. आता हिला घेरायचं नाही. ही पण मूलच आहे. हिला जाब द्यावा लागेल, पण योग्य जागी." मग ते मोठ्यांकडे वळले. "पोरीला वाचवायचं म्हणून तिचा चेहरा झाकला, आणि झाकलं गेलं छळणाऱ्याचं नाव. माणसाचा हात दिसेनासा झाला, की उरतं ते भूत. यापुढे चमत्कार दिसला की आधी बघा, त्यात झाकलंय काय. आणि कुणाचं मूल काही सांगू लागलं, तर त्याला कसं वाटतं हे नंतर विचारा. काय झालं, कुणी केलं, हे आधी विचारा. आणि उत्तर पुरतं ऐका."

मुख्याध्यापकांनी सोमवारी समिती बोलावली. फोन ग्यु-रिमच्या खिशात होता, कोरडा.

शनिवारी तलावावरून परतताना आईने तिचा हात धरला होता. आईच्या बोटांना कालवांचा वास होता. "माझं चुकलं गं. तू नाव सांगितलं होतंस," ती म्हणाली. मग न राहवून तिने विचारलंच, "आता कसं वाटतंय तुला?"

ग्यु-रिमने आत शोधून पाहिलं. राग सापडला नाही, आनंदही नाही.

"माहीत नाही," ती म्हणाली.

आई घाबरून सरांकडे पाहू लागली. सर रिकामी पिशवी खांद्यावर टाकून मागून येत होते.

"खरं उत्तर आहे," ते म्हणाले. "राहू द्या तसंच. घाईने दुसरं काही भरू नका त्या जागी."