झाडलेला तळ

मित्रांनो, मी एक म्हातारी लेप आहे. हो, तीच चपटी मासळी, जिचे दोन्ही डोळे एकाच गालावर असतात. हसून घ्या. झालं हसून? आता ऐका.

माझा जन्म भर थंडीतला, र्‍होड आयलंडच्या एका खाऱ्या खाडीतला. वर बर्फाची साय धरली होती. तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. उभी पोहायची, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. पण थंडी सरत आली तसा माझा डावा डोळा निघाला की फिरायला! टाळूवरून सरकत सरकत उजव्याच्या शेजारी येऊन बसला. अंग कलंडलं आणि मी तळाला टेकले, नखाएवढी. त्या दिवसापासून मला वरचंच दिसतं. बाकीचं अंगाला कळतं.

तळाला टेकलं की आमची एकच घाई, वाढायची. तुम्ही झिंगे खाता ना? आमच्या नखाएवढ्या पोरांना झिंगे खातात. अंगठ्याएवढं झालं की मग त्यांना आवरत नाही. तोवर लपायचं कुठं? पाणगवतात. माझी भावंडं मोजायला गेलात तर वाळू मोजाल. जवळजवळ सगळी गेली. मी गवताच्या मुळाशी बसून किडे खाल्ले आणि वाढले. त्या साली थंडी कडक होती, झिंगे उशिरा जागे झाले, म्हणून वाचले. हुशारी काडीची नाही.

मोठी झाल्यावर उन्हाळ्यात बाहेरच्या गार पाण्यात जायचे आणि हिवाळ्यात अंडी घालायला याच खाडीत परत. वर नॉर्मंडची सपाट बुडाची होडी असायची. नॉर्मंड शिंपल्या काढणारा, बापापासूनचा धंदा. होडीत त्याची बहीण लोरेन. पाणी कमरेएवढं, त्यामुळे दोघांचं भांडण खाली मला सगळं ऐकू यायचं.

"वसंत आला आणि तव्यावर एक लेप नाही," लोरेन म्हणाली. "नुसते मक्याचे घावन खाऊन जीभ चामड्याची झाली माझी."

"तुझी जीभ? तिला चामडं व्हायला सवड कुठं असते?"

"बोल बोल. मासा तेवढा धरू नकोस."

"अगं, तळ घाण झालाय. गवत बघ किती माजलंय! आपले बाबा काय करायचे? दर वसंतात जाळी ओढून तळ झाडायचे. शिंपल्यांचं बी कसं धरायचं मग!"

"ते शिंपल्यांचं. लेपीला चालतं का?"

"लेप पसरते कुठं? मऊ, मोकळ्या जागेवर. जागा करून दिली की येणारच."

त्यानं होडीमागं एक लोखंडी जाळी बांधली.

"नॉर्म! आईच्या पलंगाची आहे ती! आपण दोघं जन्मलो तिच्यावर."

"मग अजून पोरं निघतील," नॉर्मंड म्हणाला, आणि दोघं खो खो हसली.

पलंग माझ्या अंगावरून गेला. मी मोठी, निसटले. गवत मात्र मुळासकट भाऱ्या-भाऱ्यानं निघालं. त्या आठवड्यातच तळाला टेकलेली पोरं, त्यात माझीही, गढूळ पाण्यात उधळली गेली. झिंगे धावले, खेकडे धावले. मग वरून पाणकावळे आले.

"बघ!" नॉर्मंड ओरडला. "पाणकावळे! मासे आहेत म्हणजे!"

दर वसंतात त्यानं जाळी ओढली, आणि प्रेमानं ओढली, हे खरं. बर्फही धरेनासा झाला. झिंगे आता झोपतच नाहीत. दर हिवाळ्यात आम्ही कमी कमी परत आलो. शेवटी मी आणि एक खरचटलेला नर, बस.

त्याच हिवाळ्याच्या अखेरीला नॉर्मंडच्या गळाला मी लागले.

"लोरेन, तवा काढ!"

लोरेननं मला ओंजळीत घेतलं. पोटावरून अंगठा फिरवला. "गाभोळी भरलीय रे. आणि केवढी म्हातारी आहे ही. नॉर्म, तळहाताएवढी तरी लेप शेवटची कधी पाहिलीस?"

नॉर्मंड वाकून पाण्यात बघत म्हणाला, "तळ साफ तर केला होता गं."

"केलास. आपलं ताटही साफ झालं."

त्यानं गळ हळूच सोडवला आणि मला पाण्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. पलंग त्यानं किनाऱ्यावर ओढून टाकला, तिथंच गंजतोय. गवत काही परत आलं नाही.

मी उघड्या चिखलात अंडी घातली. पोरं निघाली, त्यांचे डोळे फिरले, तळाला टेकली. झिंगे जागेच होते.

मित्रांनो, कुणाला घरी बोलवायचं असेल तर आधी बघा, त्याचं घर कसं असतं ते. तुम्हाला केर वाटतो, ते कुणाच्या पोरांचं पांघरूण असतं. तळ झाडू नका.

आता पाणी तापलंय, मी केव्हाच गार पाण्यात जायला हवं होतं, पण पोरांच्या जागेवरून हलवत नाही. नॉर्मंड रोज येतो, इंजिन बंद करतो आणि होडीच्या काठावरून वाकून बसतो. त्याचे दोन डोळे खाली, माझे दोन वर. मध्ये नुसतं स्वच्छ पाणी.