बिनहाताच्या चार खुर्च्या

पारूबाईंनी गाय पारखावी आणि तिने घराला पिढीभर दूध पुरवावे, अशी त्यांची ख्याती होती. त्यांची लेक सगुणाबाई. तिने निवडून ठेवलेले भाताचे बी कधी पोचट निघाले नाही. सगुणाबाईंची लेक कमळाबाई. तिने जमवलेली एकही सोयरीक फिसकटली नाही. या तिघींची नजर जिच्या डोळ्यांत उतरली, ती कमळाबाईंची लेक सोजराबाई, गुंजवण्याच्या पाटलांची थोरली सून.

एकोणीसशे चौतीस सालच्या पौषात या सोजराबाई भोरच्या बाजारात जुन्या खुर्च्या निवडायला उभ्या राहिल्या. कारणही तसेच होते. त्यांची एकुलती लेक बना भोरच्या रखमाजींच्या घरात द्यायची बोलणी चालली होती. पेठेत धान्याचे दुकान, मुलगा शिकलेला, माणसे शब्दाला जागणारी. माघी पौर्णिमा झाली की पाहुणे गुंजवण्याला येणार होते. पेठेतल्या माणसांना घोंगडीवर बसवणे बाईंच्या मनाला पटेना.

सोबत धाकटे दीर मानसिंगराव होते. ते भोरातच राहत आणि संस्थानच्या कचेरीत कारकुनी करीत. सोजराबाई विधवा, सोयरिकीच्या बैठकीत त्या पुढे बसणार नव्हत्या. म्हणून रखमाजींशी सारे बोलणे त्यांनी दिरावरच सोपवले होते, आणि ते डोळे मिटून. पती गेले त्या वर्षी भाऊबंदांनी चावडीत बैठक भरवून त्यांना माहेरी धाडायचा आणि जमीन वाटून घ्यायचा घाट घातला होता. तेव्हा मिसरूडही नीट न फुटलेले मानसिंगराव भर चावडीत उभे राहून म्हणाले होते, “घराच्या किल्ल्या वहिनींच्या कमरेला राहतील. ज्याला हे मान्य नसेल त्याने आधी माझ्याशी बोलावे.” कोणी बोलले नाही. त्या संध्याकाळी सोजराबाईंनी देवापुढे म्हटले होते की, हे ऋण मी फेडीन.

जुन्या सामानाचा व्यापारी कोंडिबा मोठा बोलका. भाटघर धरणावरचा एक गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या बंगल्यातले सामान कोंडिबाच्या परसात रचून ठेवले होते.

“पाटलीणबाई, ह्या बगा हाताच्या खुर्च्या. बसणाऱ्याला राजा झाल्यागत वाटंल.”

“राजे नको हाईत मला, सोयरे हवे हाईत,” सोजराबाई म्हणाल्या. “हाताच्या खुर्चीवर माणूस पसरतो. सोयरीक करायला आलेला माणूस जरा सावरून बसलेला बरा. बिनहाताच्या दाव.”

कोंडिबा हसत बिनहाताच्या खुर्च्यांकडे वळला. बाईंनी पदर सावरला आणि एकेक खुर्ची पालथी घालायला लावली. वरून सगळ्याच खुर्च्या चकाकत होत्या. बाईंना बैठकीखालचे, पॉलिश न पोचलेले लाकूड पाहायचे होते. कुठे खिळा मारला आहे आणि कुठे लाकडी खुंटीने सांधले आहे, हे त्यांनी बोटाने चाचपले. एका खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी दाबली.

“ही मोडून सांधलीया.”

“अवो, सांधल्यालं हाड जास्त बळकट असतं!”

“हाड आतनं सांधतं, कोंडिबा. ही तू सरसानं चिकटवलीया. बाजूला ठेव.”

“तुमच्यापुढं माझं दुकान चालायचं न्हाई बगा,” कोंडिबा म्हणाला, पण खुर्ची त्याने मुकाट्याने बाजूला ठेवली.

बाजारात चारचौघांदेखत खुर्चीवर बसणे बाईंच्या रीतीत बसणारे नव्हते. म्हणून निवडलेल्या प्रत्येक खुर्चीवर त्यांनी दिराला बसवले.

“बसा भाऊजी. आता मागं रेला. हला जरा. न्हाई, तसं न्हाई, रागावल्यागत हला.”

मानसिंगराव हसत होते, हलत होते. अखेर शिसवीच्या चार खुर्च्या ठरल्या. पाठी साध्या, पाय कातलेले, बैठक वेताची, आणि चारही एकाच जातीच्या. म्हणजे कोणाला उंच आणि कोणाला नीच बसवले असे पाहुण्यांना वाटू नये.

“एक रखमाजींची, एक त्यांच्या भावाची, एक मध्यस्थाची,” बाईंनी मोजले. “आणि चौथी तुमची, भाऊजी. तुमीच बनाच्या बापाच्या जागी.”

मानसिंगराव खाली पाहत वेतावरून हात फिरवू लागले. “वीण सैल आहे, वहिनी. इथे विणून घेतो आणि आठ दिवसांनी गाडीत घालून पाठवतो.”

सोजराबाई गुंजवण्याला परतल्या. त्यांनी ओसरी सारवून घेतली, भिंतींना चुना काढला. खुर्च्या कुठे मांडायच्या ते ठरवून त्या जागा मोकळ्या ठेवल्या. बना त्या मोकळ्या जागांना वळसा घालून जाई आणि आईचे लक्ष नसले की स्वतःशीच हसे.

पण खुर्च्या येईनात. आधी निरोप आला की वेत विणणारा आजारी आहे. मग आला की गाडी मिळत नाही. पौर्णिमा झाली. तेव्हा बाईंनी गडी भीमाला गाडी जुंपायला सांगितली, बनाला बरोबर घेतले, नसरापुरात मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी त्या थेट मानसिंगरावांच्या दारात उतरल्या.

दारात पाहुण्यांच्या वहाणा होत्या.

ओसरीवर शिसवीच्या चार खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर रखमाजी, दुसरीवर त्यांचे भाऊ, तिसरीवर मध्यस्थ आणि चौथीवर मानसिंगराव. समोर पाटावर त्यांची लेक ठकू हिरव्या लुगड्यात, मान खाली घालून बसली होती. धाकट्या जाऊबाई साखरेचे ताट घेऊन उभ्या होत्या. दारातल्या दोघींना पाहताच त्या ताटासकट दोन पावले मागे सरल्या. मानसिंगराव उठले, आणि उठल्यावर काय करावे ते त्यांना कळेना.

रखमाजी मात्र मोकळ्या मनाने म्हणाले, “या, सोजराबाई. बरं झालं तुमी आलात. लेक भोरात द्यायची न्हाई असं तुमी मार्गशीर्षातच कळवलंत, तवा मानसिंगरावांनी आपली ठकू पुढं केली. पण माझ्या मनात राहिलं होतं. घरच्या थोरल्या तुमी. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय साखर वाटायची न्हाई, असं मी मघाच म्हणालो.”

मार्गशीर्षात! म्हणजे पौषात कोंडिबाच्या परसात मानसिंगराव एकेका खुर्चीवर बसून हसत होते, तेव्हाच ही सोयरीक फिरवून झाली होती. पुढे कधीतरी, पाहुण्यांनी नकार दिला, एवढे गुंजवण्याला कळवले की काम भागले असते. लेकीचे चांगले स्थळ गेले हे दुःख होतेच. पण ज्या आसनांवर बसून आपल्या पोटच्या पोरीला डावलायचे, ती आसने याने आपल्याच हातून निवडून घ्यावीत?  सोजराबाईंनी खांबाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“आये,” बना मागून कुजबुजली, “खरं काय त्ये सांग की. सांग ना गं.”

सांगायला एक वाक्य पुरले असते. रखमाजी शब्दाचे पक्के. तिथल्या तिथे उठून गेले असते आणि बनाच्या दारी परत आले असते. मानसिंगराव बायकोच्या ताटाकडे पाहत होते. वहिनींकडे पाहण्याची त्यांची छाती झाली नाही.

तेवढ्यात ठकूने मान वर केली. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. “मोठ्याई, तू आलीस!” ती म्हणाली. “बाबा म्हणत होते तुझी तब्येत बरी न्हाई. मला वाटलं, तुझ्याबिगरच व्हतंय समदं.” मानसिंगराव भोरला राहायला येईपर्यंत सोजराबाईंनी बनाला आणि ठकूला एकाच ताटात जेवू घालून वाढवले होते. चालू साखरपुड्यातून उठलेली मुलगी गावाच्या तोंडी किती वर्षे राहते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि त्या भर बैठकीत, चार पुरुषांसमोर, स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “रखमाजी, मानसिंगरावांनी सांगितलं त्ये खरं हाय. माझी संमती हाय. पोर गुणाची हाय, आमच्या घरची हाय. साखर वाटा.”

बना वळली आणि गाडीकडे चालू लागली. रखमाजींनी हात जोडले. सोजराबाईंनी ठकूच्या डोक्यावर दुरूनच हात धरला, पाणीही न घेता त्या बाहेर पडल्या.

मानसिंगराव अनवाणी धावत गाडीपाशी आले. “वहिनी, मी चुकलो. तुमच्या खुर्च्या आजच पाठवतो. बनाला याहून मोठे स्थळ मी…”

“भाऊजी, बनाच्या स्थळाचं तुमी आता बोलू नका.” बाईंचा आवाज चढला नाही. “खुर्च्या ठेवा. तुमच्या व्याह्यांना बसायला लागतील. चावडीत तुमी माझ्यासाठी उभं राहिला होतात, त्ये मी एक दिस इसरले न्हाई. आज मी तुमच्यासाठी उभी राहिले. तवा तुमी खरं बोलला होतात. मला आज खोटं बोलावं लागलं, आन् तेही माझ्या पोरीच्या देखत. म्हंजे माप भरून वर शीग लागली. हाय का काही बाकी?”

मानसिंगरावांनी मान हलवली. “नाही.”

“मोठ्यानं बोला. बनाला ऐकू जाऊ द्या.”

“काही बाकी नाही, वहिनी. फिटलं.”

“भीमा, हाक गाडी,” सोजराबाई म्हणाल्या.