जिराफाचा मफलर

अगं, तू नुसतं ऐक. मध्ये काही विचारू नकोस, कारण एकदा थांबले की मी हसत सुटेन आणि गोष्ट राहील बाजूला.

तर आपली ब्रायनी. टॅरेन्गिलची, धान्याच्या कोठारावर गव्हाचे नमुने तपासते ती. फेब्रुवारीत ती दुकानात बीटचा डबा आणायला गेली, आणि तिच्या पुढ्यात एक माणूस उभा. शाळेत नवा आलेला गणिताचा मास्तर, इव्हो. सहा फूट दहा इंच. त्याने सगळ्यात वरच्या फळीवरचं मैद्याचं पाकीट काढलं, टाच न उचलता. टाच सोड, कोपरसुद्धा सरळ केलं नाही गं. ब्रायनीने डबा तिथेच ठेवला आणि धावत सुटली ती थेट क्लाइव्हच्या टायरच्या दुकानात. क्लाइव्ह म्हणजे आपल्या फुटबॉल क्लबाचा कोच, तो चेंडू हातात घेऊन पळायचा फुटबॉल. तो जॅकखाली आडवा होता, हिला त्याचे फक्त बूट दिसत होते. त्या बुटांना ती म्हणाली, "क्लाइव्ह, आपल्याला रकमन मिळाला."

चार वर्षं आपल्याकडे धड रकमन नव्हता. अंपायर मधोमध चेंडू आपटतो, तो वर उडतो, दोन्हीकडचा एकेक उंच गडी, तोच रकमन, झेपावतो आणि आपल्या माणसाकडे तो ढकलतो. चार वर्षं तो चेंडू समोरच्यांकडेच जात होता. त्यामुळे इव्होने आयुष्यात फक्त बास्केटबॉल खेळलाय, तोही वाईट, हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. दोन आठवड्यांत त्याच्या अंगात काळी-सोनेरी जर्सी. ती त्याला बेंबीपर्यंत पुरेना, म्हणून खाली वेगळी पट्टी जोडली.

पहिले तीन सामने मजा आली. समोरचे त्याला बघूनच गारठायचे. मग मे उजाडला आणि सगळ्यांना कळलं की या माणसाला उडीच येत नाही.

आणि मग लोक सुरू झाले. तुला माहीतच आहे, शनिवारी मैदानाभोवती गाड्या नाक आत करून लागतात, काचा खाली, थर्मास बॉनेटवर, आणि प्रत्येक गाडीत एक तज्ज्ञ. कुणी म्हणालं, त्याचे हात उकडलेल्या नूडल्ससारखे आहेत. कुणी म्हणालं, तो धक्का दिल्यावर समोरच्याला सॉरी म्हणतो, मी कानांनी ऐकलंय. आणि सगळ्यांत कडक मर्व. मर्व स्वतः शहाण्णव साली रकमन होता, पुढचे दोन दात तेव्हाच मैदानात ठेवून आला, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. मर्व म्हणाला, "कोठारपण उंच असतं. त्याला कुणी संघात घेतं का?"

पण त्याला आणलं कुणी? ब्रायनीने. मग इव्होचं नाव पडलं 'ब्रायनीचा जिराफ'. गव्हाचे ट्रक घेऊन येणारे विचारायचे, जिराफाला चारा घातलास का. बेकरीवालीने तिच्या पिशवीत गुपचूप जिराफाच्या आकाराचं बिस्किट टाकलं. इव्हो संघाबाहेर गेला असता तर तो परत फळ्यासमोर उभा राहिला असता, संपलं. ब्रायनीला मात्र त्याच गावात म्हातारं व्हायचं होतं, 'जिराफवाली' म्हणून.

त्यात एप्रिलमध्ये नेटबॉल खेळताना तिचा घोटा मुरगळला, त्यामुळे सगळा हंगाम ती नॅनच्या गाडीत. नॅन म्हणजे क्लाइव्हची आत्या, पण अख्खं गाव तिला नॅनच म्हणतं. आणि तिथेच तो मफलर.

नॅन एकतीस वर्षं रकमनचा मफलर विणतेय. दर हंगामाला नवा. प्रत्येक उडीला एक ओळ. आपल्या माणसाचा हात चेंडूला आधी लागला तर सोनेरी, त्यांच्या माणसाचा लागला तर काळी. हात आधी ज्याचा, रंग त्याचा, बस. मधल्या सुट्टीत ती मफलर गाडीच्या आरशाला टांगते आणि लोक सॉसेज रोल खात खात येऊन बघून जातात. वाद झाला की नॅन मान वर न करता म्हणते, मफलर बघा. आणि क्लाइव्ह तो बघितल्याशिवाय फायनलचा संघ लावत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत.

ऑगस्टपर्यंत तो मफलर कसा दिसत होता सांगू? डांबरी रस्ता. मधूनमधून पिवळे पट्टे, तेही पुसट.

बिचारा इव्हो दर रविवारी नॅनच्या फाटकाशी यायचा. विचारायचा काही नाही, नुसता ओळी मोजायचा, थँक्यू म्हणायचा आणि धरणाच्या बांधावर पळायला जायचा. ब्रायनीला ते बघवायचं नाही. चेष्टा तिची होत होती, पण पळत तो होता.

आता खरी गंमत. फायनलच्या आधीचा सामना, जिंकलो तर फायनल, हरलो तर घरी. आणि आदल्या दिवशी नॅन कुत्र्यावर अडखळून पडली. मनगट प्लास्टरमध्ये. सकाळी तिने सुया ब्रायनीच्या मांडीवर ठेवल्या आणि सांगितलं, तू विण. ब्रायनीला विणकाम किती येतं? सुलट टाका. उलट टाका घातला की लोकरीचा बोळा होतो.

तर ती विणत बसली, जीभ बाहेर काढून. पण ती इतकी सावकाश की एक ओळ संपवून मान वर करेपर्यंत पुढची उडी होऊन गेलेली. हात कुणाचा लागला ते दिसायचंच नाही. दिसायचं एवढंच की चेंडू कुणाच्या तरी काखेत आहे आणि तो गडी पळतोय. आता थांबून विचारणार कुणाला? नॅनला? नॅन तर वेगळ्याच दुनियेत होती. एका हाताने हॉर्न बडवत होती, ओरडत होती, तिने थर्मास लवंडवला. मग ब्रायनीने आपलं ठरवून टाकलं. चेंडू ज्याच्या काखेत, रंग त्याचा. मनात म्हणाली, बहुतेक तेच असणार.

सामना आपण आठ गुणांनी जिंकलो. हॉर्न असे वाजले की पलीकडच्या शेतातल्या मेंढ्या कुंपणाला जाऊन चिकटल्या. आणि त्या गोंधळात मर्व आला, काचेतून डोकं घातलं. ब्रायनीच्या मांडीवर त्या दिवसाचा वीतभर मफलर, आणि तो सोनेरी. म्हणजे काळ्या ओळी शोधाव्या लागत होत्या.

मर्व म्हणाला, "पोरी, मी बोटांवर मोजलेत. त्याचा हात सोळा वेळा लागला. इथे चाळीसच्या वर आहेत. जिराफावर जीव आहे ते ठीक, पण नॅनच्या मफलरात लबाडी?"

ब्रायनीचे कान लाल. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय विणून ठेवलंय. ती सांगणार होती गं, खरंच. पण तेवढ्यात लोकांनी तिला गाडीबाहेर ओढून नाचवायला घेतलं, एका पायावर, आणि राहून गेलं.

रविवारी इव्हो आला. ब्रायनी तिथेच होती, नॅनची भांडी घासायला. त्याने मफलर हातात घेतला, सोनेरी भागावरून बोट फिरवलं. म्हणाला, "इतके? मला तर वाटलं सगळे हरलो." आणि असा हसला, असा हसला, की जाताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं तरी हसतच गेला.  त्या रात्री ब्रायनीने मफलर घरी नेला, दोनदा उसवायला घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

गुरुवारी सराव संपल्यावर क्लबात सूपची पातेली निघाली आणि क्लाइव्हने टेबल पुसून मफलर पसरला. त्याच्या मनात इव्होच्या जागी एक प्लंबर होता, एकोणीस वर्षांचा, बेडकासारखा उडणारा. गावाला ते कळलं होतं, त्यामुळे सराव न करणारेही सगळे सराव बघायला आले होते. मर्व हाताची घडी घालून पहिल्या रांगेत. इव्हो मागे, पंख्याला डोकं लागू नये म्हणून वाकून.

क्लाइव्हने सोनेरी भागावर अंगठा ठेवला आणि विचारलं, "ब्रायनी, हे तू डोळ्यांनी पाहिलंस?"

आता बघ हं. नुसतं हो म्हणायचं होतं. इव्हो संघात, तिची थट्टा बंद, नॅनला काही आठवत नाही, आणि मफलरापुढे मर्वच्या बोटांना कोण विचारतो. एक अक्षर. आणि तिच्या तोंडातून निघालं, "नाही. हात मला दिसलेच नाहीत. मान वर करेपर्यंत चेंडू कुणाच्या तरी काखेत असायचा. मी ते विणलं."

मर्वने टेबलावर थाप मारली. मागे कुणीतरी जिराफाचा आवाज काढला, म्हणजे काहीतरी काढलं, जिराफाचा आवाज कुणी ऐकलाय? ब्रायनीला वाटलं सूपच्या पातेल्यात बसावं.

क्लाइव्ह मात्र हसला नाही. त्याने विचारलं, कुणाच्या काखेत? ती म्हणाली, बहुतेक वेळा रोरीच्या.

रोरी म्हणजे आपला ठेंगणा, चेंडू घेऊन पळणारा. तो कोपऱ्यात पावाचा तुकडा सूपात बुडवत होता. तोंड भरलेलं, तसाच म्हणाला, "मग कुणाच्या असणार? हा इव्हो त्या दुसऱ्याला खांद्याने असा रेलतो की त्याचा हात वाकडा पडतो. चेंडू दर वेळी एकाच जागी येतो. मी मे महिन्यापासून तिथेच उभा राहतोय."

क्लाइव्ह म्हणाला, "मे महिन्यापासून? मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलं? सगळे मफलर बघत होते."

  मागून इव्हो हळूच म्हणाला की मला उडी येत नाही ना, म्हणून रेलतो, ते चालतं ना? आणि मग नॅन बोलली. म्हणाली, एकतीस वर्षं मी हात बघितला की मान खाली घालून विणलं. मनगट मोडलं म्हणून पहिल्यांदा पुढचं दिसलं. पोरगी बरोबर विणत होती, मीच चुकीचं विणत होते. मर्व म्हणाला, नियम तो नियम, नॅन. नॅन म्हणाली, तुझ्या शहाण्णवच्या मफलराचं मग काय करायचं सांग, तेव्हाही सोनेरी खूप होतं आणि हरलो होतो. मर्वने सूप घेतलं.

क्लाइव्हने फळ्यावर रकमनच्या जागी इव्होचं नाव लिहिलं आणि खडू खिशात टाकला, म्हणजे कुणी पुसून दुसरं लिहायला नको.

आणि शनिवार. फायनल. समोर यारॅबाइनचा संघ, आणि त्यांचा रकमन म्हणजे स्प्रिंग लावलेलं कपाट. आमच्या गाड्या पहाटे चारपासून रांगेत. नॅनने ब्रायनीच्या हातात सुया दिल्या आणि लोकरीचे दोन्ही गुंडे स्वतःच्या मांडीवर ठेवले, एक काळा, एक सोनेरी. म्हणाली, "एकतीस वर्षं नियम माझा होता. आता सुया तुझ्या हातात, नियमही तुझा. मी रंग सांगणार नाही."

भोंगा वाजला. अंपायरने चेंडू आपटला. या वेळी ब्रायनीने विणायला काहीच घेतलं नव्हतं, मान वर, डोळे फाडून. आणि तिने स्वच्छ पाहिलं: हात त्या कपाटाचा आधी लागला. अर्ध्या हाताने आधी. आणि इव्होने नुसता खांदा टेकवला, चेंडू वाकडा झाला, पडला तो रोरीच्या पोटावर. रोरी सुटला, चुकवलं, चुकवलं, मारला. गोल. अगं, हॉर्न, हॉर्न, हॉर्न. कुणाच्या बॉनेटवरची पोरं खाली पडली.

आणि त्या कल्लोळात सगळ्यांच्या माना वळल्या त्या नॅनच्या गाडीकडे. पहिली ओळ कुठल्या रंगाची? मैदानाच्या मध्यावरून इव्होसुद्धा बघतोय, हात कपाळावर धरून. बरोबर खेळला असेल तर सोनेरी. पण जुन्या नियमाने काळी, आणि जे दिसलं तेच सांगितलं म्हणून तर गुरुवारी सगळ्यांनी तिचं ऐकलं ना. तेवढ्यात रांगेतून एक माणूस धावत आला, दात नसलेला, चहा अंगावर सांडलेला. मर्व. काचेत तोंड घालून म्हणतो, "सोनेरी घे पोरी, सोनेरी, बघत काय बसलीस?" आणि त्याच्या मागून कुणीतरी म्हणतंय, हात त्यांचा होता, मर्व, तूच मोजत होतास ना. नॅन दोन्ही गुंडे धरून समोर मैदानाकडे बघतेय. अंपायर चेंडू घेऊन परत मध्यावर निघालाय, म्हणजे पुढच्या उडीला अर्धं मिनिट. ब्रायनीचा हात दोन गुंड्यांच्या मधोमध.

आता सांग, तू असतीस तर कुठला उचलला असतास?