छताचं रीडिंग

पंढरी क्रेनच्या टोपलीत चढला तेव्हा विनीतने त्याच्या पट्ट्याचा हूक स्वतः ओढून पाहिला. हूक पक्का होता. वरचं छत पक्कं आहे की नाही, तेच तर बघायचं होतं.

"साहेब, भिंतच बरी होती," पंढरी म्हणाला. मशीनवरचा जुना हेल्पर, त्यामुळे एवढं बोलायची त्याला मुभा होती. "भिंत डोक्यावर नाय पडत."

ठाण्याच्या डोंगरातल्या त्या बोगद्यात पाइपने फवारलेलं काँक्रीट छताला चिकटून अजून ओलं चमकत होतं. त्यात सुई खुपसायची, किती जोर लागला ते सुईला जोडलेल्या डबीवरच्या काट्यावर वाचायचं, आणि पुरेसा लागला तरच माणसं त्या छताखाली सोडायची, अशी पद्धत. आजवर ही सुई बाजूच्या भिंतीत, कमरेइतक्या उंचीवर टोचली जाई आणि कागदावर 'छत' असं लिहिलं जाई. कुणाची काही तक्रार नव्हती. कळव्याहून येणारा, अजून नोकरीत कायम न झालेला विनीत मात्र अस्वस्थ झाला. त्याने थेट प्रकल्पाच्या सल्लागारांना मेल केला. छताची चाचणी छतावरच व्हायला हवी. सल्लागारांनी विनीतचं कौतुक केलं. त्याला कायम करण्याच्या शिफारशीवर सही मात्र साइटप्रमुख सुदेश सरांची लागणार होती, आणि त्या मेलमध्ये सुदेश सरांचं कौतुक नव्हतं.

"घ्या की छतावर," सर सकाळी म्हणाले होते. "मी समोर उभा राहतो. टेस्ट नीट झाली की तिथल्या तिथे तुमच्या शिफारशीवर सही."

"मीच वर जातो, सर."

"इंजिनिअरला टोपलीत बंदी आहे. सेफ्टीचा नियम. तुम्हाला नियम आवडतात ना?"

म्हणून पंढरी.

टोपली वर गेली. विनीत आणि सर मागे, जुन्या, वाळलेल्या छताखाली थांबले.

"टोचली," वरून आवाज आला. "लोण्यात गेल्यासारखी गेली, साहेब. काटा हललाच नाय."

विनीतने तोंड उघडलं. 'खाली ये', एवढंच म्हणायचं होतं.

"एका रीडिंगवर रिझल्ट धरतात का हो?" सरांनी विचारलं. आवाजात खरोखरीचं कुतूहल होतं. "पुस्तकात किती लिहिलीत?"

"दहा. त्यांची सरासरी."

"मग? 'अपुरी चाचणी ही चाचणीच नव्हे.' तुमच्याच मेलमधलं आहे. पाठ झालंय मला."

विनीतने क्लिपबोर्ड छातीशी धरला.

"पंढरी, दुसरं घे. वीतभर बाजूला."

"घेतो. पन याला सुई कशाला पायजे? बोट पन जाईल."

सर मनापासून हसले. मग वरून ओल्या काँक्रीटचा एक गोळा सुटला, टोपलीच्या कठड्यावर आपटला आणि फुटून खाली पसरला. पंढरीने छताकडे पाहिलं नाही. त्याने खाली पाहिलं.

"साहेब?"

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वाट बघत राहिले. घाई कसलीच नव्हती.

विनीतने हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि आणखी थोडा मागे सरकला.

"आकडा सांग, पंढरी," तो म्हणाला. "जरा मोठ्याने. इथवर नीट ऐकू येत नाही."