लाटी चाखणाऱ्या विमलबाई

डोणगावात उन्हाळ्यात कुणाच्याही घरी पापडाचा उंडा कुटला, की विमलबाईंना बोलावणं ठरलेलं. त्यांनी एक लाटी तोंडात टाकायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "मीठ बराबर, पापडखार चिमूटभर टाक." त्यानंतरच बाया लाटणं हाती घेत. सकाळभरात चार घरं व्हायची, आणि एका लाटीवर विमलबाईंचं कुठेच भागत नसे, हे आपल्यातच ठेवा.

मोतीबिंदूने मात्र त्यांना जेरीस आणलं होतं. डाव्या डोळ्याला दिसतच नव्हतं, उजव्याला माणसं धुरकट. मेहकरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या दिवशी दोनदा परत पाठवलं. बीपी एकशे नव्वद! ते उतरल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावणार नव्हते. आता महिन्याची मुदत होती.

सून प्रेरणा हात धुऊन मागे लागली. गोळ्या वेळेवर, वरण अळणी, लोणच्याची बरणी माळ्यावर. तरी आकडा हलेना, आणि दुपार झाली की विमलबाईंचं डोकं ठणकायचं.

"मीठ सोडलं अन् डोकं जास्तच दुखून राह्यलं," त्या कुरकुरत.

आरोग्य केंद्रातली सिस्टर म्हणाली, दिवसभरात तोंडात गेलेलं सगळं लिहून आणा. प्रेरणा वही घेऊन बसली.

"दोन भाकरी, अळणी वरण, एक केळ," विमलबाई म्हणाल्या.

शेजारची सायरा दारात उभी होती. "अन् लाट्या? माह्याच घरी पाच झाल्या!"

"ते काय खाणं हाय काय? ते चाखणं हाय!"

प्रेरणाने हिशेब केला. चार घरं, अठरा लाट्या.

सिस्टरने कपाळाला हात लावला. मिठात सोडियम, पापडखारातही सोडियम. बीपी चढणारच, आणि इतकं चढलं की डोकंही दुखू शकतं. किडनीची तपासणी चांगली होती, म्हणून केळी, पालक, डाळी खायला तिने मोकळीक दिली. त्यातलं पोटॅशियम उपयोगीच. पण गोळी चुकवायची नाही आणि लाटी बंद.

विमलबाईंचा चेहरा एवढासा झाला. "मंग मले कोण बोलावते व?"

"जीभ माही, निकाल तुमचा," सायरा म्हणाली.

पहिल्या दिवशी फजितीच झाली. सायराला सगळंच चांगलं लागायचं. "चांगलं म्हंजे काय? खार जिभेवर लागते का घशात?" विमलबाई डाफरत. त्या बोटांनी उंडा ताणून पाहत, सायरा चव सांगे, मग दोघींचं भांडण आणि शेवटी निकाल. बायांना ही मजा इतकी आवडली, की बोलावणी वाढलीच.

महिन्याने बीपी भरलं एकशे अडतीस. ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा समोर सायरा होती. विमलबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "काय व, किती पांढरे झाले तुये केस!"

"दोन वर्सं झाले."

विमलबाईंनी तिचा हात पकडून डॉक्टरांपुढे केला. "साहेब, आधी हिचं बीपी पाहा. महिनाभर माह्या वाटच्या लाट्या हिनंच खाल्ल्या."

पट्टा फुगला, उतरला. विमलबाईंनी तिचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.

"एकशे बावीस. एकदम ठणठणीत."

तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं. "आजी, रडू नका, डोळा ताजा आहे!" डॉक्टर ओरडले, पण तोवर सायराही रडत होती.