पाठीला पाठ लावून

मित्रांनो, मी पाठीवर ओझं वाहायची एक जुनी लाकडी चौकट आहे. दोन उभे दांडे, मधे आडव्या पट्ट्या आणि तळाशी ओझं टेकवायला बाहेर आलेली एक फळी. त्या फळीला खालून दोन वाकडे लाकडी आकडे तोलून धरतात. खांद्यात अडकवायला दोर. एवढाच माझा देह.

डोंगरातल्या ओकुमिने गावात हेइसाकुने मला चेस्टनटच्या लाकडातून घडवलं. त्याची बायको इने हिने पेंढ्याचा दोर वळला. सरपण, कोळशाची पोती, भाताचे भारे, एकदा तर पाय मोडलेलं वासरू, सगळं मी वाहिलं. हेइसाकु शेजाऱ्यांना सांगायचा, "हिच्यावर घर ठेवलं तरी ही कुरकुर करायची नाही." मी करायचे, पण थोडीच.

मग गावापर्यंत रस्ता झाला. रस्त्यावरून छोटा ट्रक आला. काही वर्षांनी हेइसाकु गेला आणि मला कोठारात रिकाम्या पोत्यांमागे उभं केलं. तिथली ओल माझ्या डाव्या आकड्यात शिरली. ओलीमागून कीड आली. कुणी विचारलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं.

ओकुमिनेत भात कापून झाला की बर्फ पडायच्या आत सगळं गाव वरच्या धबधब्याकडे मेपलची लाल पानं बघायला जातं. सोबत भाताचे गोळे, सलगमचं लोणचं, म्हाताऱ्यांसाठी गरम साके, म्हणजे तांदळाची दारू. गुडघे गेल्यापासून इने मात्र घरीच राहायची. तिची मैत्रीण तोमे तिला वरून एक पान आणून द्यायची. गेल्या खेपेला ते पान हातात घेऊन इने म्हणाली, "शेजारी मासा भाजतायत आणि मी नुसता वास घेतेय, असं वाटतं गं." सून कायो तिथेच होती. यंदा पानं लाल होताच तिने नवऱ्याला, शिगेनोबुला, कोठारात धाडलं. "मामंजींची चौकट काढा आणि आईंना वर न्या."

शिगेनोबुने माझी धूळ झटकली, नवा दोर बांधला, फळीवर गादी घातली. दोर दोनदा ओढून पाहिला. फळीच्या खाली मात्र त्याने पाहिलं नाही.

इने माझ्यावर बसली तेव्हा तोमे वाटेवरच उभी होती.

"नीट निरोप घे हो, इने. पूर्वी म्हणे म्हाताऱ्यांना असंच डोंगरात नेऊन सोडायचे."

"सोडलं तर सोडलं. तुझी बडबड तरी थांबेल."

सगळे हसले. पण माझे दांडे धरलेले इनेचे हात गार होते.

माझ्यावर बसलेल्या माणसाचं तोंड मागे असतं. वाहणाऱ्याच्या पाठीला त्याची पाठ. इने ही वाट जन्मभर चढली होती ती सरपणाखाली वाकून, पुढच्याच्या टाचा बघत. आज पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांसमोर दरी उघडत गेली. छपरं लहान झाली, नदी बारीक झाली आणि दोन्ही उतार लालेलाल. "अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

देवदारांच्या वळणावर माझा डावा आकडा तडकला. शिगेनोबुच्या कानात ओढ्याचा आवाज होता, त्याला कळलं नाही. इनेला कळलं. तिचा हात खाली आला, चाचपडत त्या फटीपाशी थांबला. बाजूला खोल ओढा होता. ती ओरडेल असं मला वाटलं. तिने डोक्याचं फडकं सोडलं, आकड्याभोवती आवळून गुंडाळलं आणि त्याचं टोक मुठीत ओढून धरलं. मग ती गप्प बसली.

"आई, थंडी वाजतेय का?"

"नाही."

"मग बोल की काहीतरी. तोमेमावशीशी बोलताना थांबत नाहीस."

"तू पायाखाली बघ."

तिच्या गप्प बसण्याने तो घाबरला आणि भरभर चालू लागला. हादऱ्यांनी माझी फट वाढली.

"हळू रे. पानं काही पळून जात नाहीत."

मित्रांनो, इतकी वर्षं मी ओझी उचलली. त्या दिवशी ओझ्यानेच मला उचलून धरलं होतं.

धबधब्यापाशी शिगेनोबुने आम्हाला खडकावर टेकवलं आणि वळून पाहिलं. आईचं डोकं उघडं, पांढऱ्या केसांत एक लाल पान, मूठ आवळून फिकी पडलेली. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली, फडकं उलगडलं, आणि त्याला तडकलेला आकडा दिसला.

"अर्ध्या वाटेत सांगितलं असतंस तर?"

"तर तू मला परत नेलं असतंस."

"नेलंच असतं."

"म्हणून तर."

त्याने तडकलेल्या आकड्यावरून अंगठा फिरवला. इने वर बघत होती. मेपलमधून ऊन उतरून तिच्या मांडीवर लाल पडलं होतं. मग ती म्हणाली, "भाताचा गोळा दे. भीतीने भूक लागलीय."

उतरण्याआधी त्याने ओकच्या फांदीचा नवा आकडा तोडला आणि करकचून बांधला. मला गदगदा हलवलं. स्वतः फळीवर उभा राहून पाहिलं. मी हलले नाही. माझ्या सगळ्या सांध्यांतून तेव्हा जी बारीक कुरकुर झाली, तो माझा सुटकेचा श्वास होता.

गावात तोमे वाटच बघत होती. "काय रे शिगे, परत आणलीस?"

इनेच म्हणाली, "मीच याला सोडून येणार होते. पण दोर याच्या खांद्यात अडकलेला, काय करणार?"

तोमे खूप हसली. हसून झाल्यावर माझ्या फळीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "शिगे, यंदा माझेही गुडघे गेले. पुढच्या वर्षी मला नेशील का रे? मी जराशी जड आहे."

आता मी कोठारात नसते. चुलीच्या खोलीत टांगलेली असते, तिथल्या धुराने कीड लागत नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला पुन्हा कामाला बोलवाल तेव्हा आधी तिच्या खालून हात फिरवा. दुखतं तिथे आम्हाला बोट दाखवता येत नाही.

दर वर्षी पानं लाल झाली की शिगेनोबु मला उलटी करतो, दोन्ही आकड्यांवर अंगठा दाबून बघतो, आणि मगच हाक मारतो, "चल, आई."